टॉवेल धरायला घरचं माणूस

चंद्रकांत मेश्रामला भाषण करायला निमित्त लागत नसे, फक्त माणूस लागे. नॉर्थ यॉर्कच्या आंबेडकर असोसिएशनमध्ये तो माइककडे निघाला की बायका किचनकडे आणि पुरुष पार्किंगकडे सरकत. हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असूनही सुटत नव्हतं. काहींना तंबाखूचं व्यसन असतं, ह्याला मुद्द्यांचं.

शेजारच्या टाउनहाउसमधली यूफेन तेवढी पळून जात नसे. ती चीनमधल्या वेंजोची. तिथे बुटांच्या कारखान्यात हिशेब बघायची, इथे एका डेंटिस्टकडे बिलिंग बघते. दोन्ही घरांचा ड्राइव्हवे एकच. बर्फ पडला की ती शोव्हलनं, म्हणजे फावड्यानं, तो उपसायची आणि हा आपल्या शोव्हलवर रेलून तिला बुद्ध समजावून सांगायचा. बाई चिनी, म्हणजे बौद्धच असणार, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं राहूनच गेलं. बोलण्याच्या भरात तेवढं राहतंच.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती दारात आली. नजर पायपुसण्यावर ठेवून इंग्रजीत म्हणाली, "मिस्टर चंद्रा, उद्या ईस्टर. माझा बाप्तिस्मा आहे. आमच्या चर्चमध्ये पाण्यातून वर येताना घरचं माणूस टॉवेल धरून उभं राहतं. माझा भाऊ व्हँकुव्हरहून यायचा होता. आता नाही म्हणतो. इथे मला दुसरं कुणी नाही. तुम्ही याल?"

झालं. एवढ्या बोलण्यातला ह्याच्या कानात शिरला तो 'बाप्तिस्मा' हा एक शब्द.

"अहो, पण तुम्ही तर बुद्धाची माणसं," तो म्हणाला, आणि गाडी सुटली. बुद्ध आमचा, आम्ही तो तुमच्याकडे पाठवला, आमच्याकडचा पुसला गेला, किती पिढ्यांनी तो परत मिळवला, आणि तुम्ही तो असा टाकून चाललात. उतारावर ब्रेक लागेना. शेवटी म्हणाला, "बापजाद्यांचा धर्म कुणी असा सोडतं का? तुमच्या घरच्यांना काय वाटत असेल?"

यूफेननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बुद्धाचं मला फारसं माहीत नाही. आमच्या गावात कुळाचं मंदिर होतं. तिथे पूर्वजांची नावं लिहिलेली, सगळी पुरुषांची. मुलींची लिहीत नसत, मुलगी परक्या घरची. शहरात कामाला आले तेव्हा एका इमारतीत वरच्या मजल्यावर, भाड्याच्या ऑफिसात चर्च भरायचं. आमच्या कारखान्याचा मालक तिथे खुर्च्या मांडायचा, आणि मला पुढे उभं करून बायबल वाचायला सांगायचे. आयुष्यात पहिल्यांदा. पुढे सरकारनं त्या जागेला कुलूप लावलं आणि माझा बाप्तिस्मा राहिला. इथे आल्यावर भावाची समजूत पटेल म्हणून थांबले."

ती थोडी घुटमळली. "तो विचारतो, वडिलांपुढे उदबत्ती कोण लावणार. बाकी तुम्ही म्हणालात तेच म्हणतो. सॉरी, सकाळी सकाळी त्रास दिला."

दार लागलं. आत दीपा, म्हणजे त्याची बायको, पोह्यांसाठी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पाटलाचं काम आज फार छान वठलं तुमचं."

चंद्रकांत जागच्या जागी गार झाला. असोसिएशनच्या नाटकात दर भीमजयंतीला पाटील तोच व्हायचा. छप्पन साली त्याचे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन गावी परतले, तेव्हा पाटलानं त्यांना चावडीसमोर अडवून विचारलं होतं, "बापजाद्यांचा धर्म कुणी असा सोडतं का रे?" हेच वाक्य चंद्रकांत खोट्या मिशीला पीळ देत म्हणायचा आणि हॉलमधली पोरं त्याची हुर्यो उडवायची. आज मिशी तेवढी नव्हती.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण खाली बेसमेंट होतं आणि तिथे लेक ऊर्मी मैत्रिणींना घेऊन बसली होती. तो मुकाट्यानं खुर्चीत बसला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. आजोबांना खरं तर पाटलाचं काही वाटलंच नव्हतं. पाटील तो पाटीलच. त्यांना लागलं होतं ते थोरल्या भावाचं. तो दीक्षेला आला नाही आणि पुढे जन्मभर त्यांच्याकडे जेवायलाही आला नाही. आजोबा ते म्हातारपणीही सांगताना मध्येच थांबायचे. हे नाटकात कुणी घातलं नव्हतं. त्याला टाळ्या पडत नाहीत.

तो उठून शेजारी गेला. दीपा पाठोपाठ. यूफेननं दार उघडल्यावर त्यानं सुरुवात केली, "धर्मांतर या विषयाकडे ऐतिहासिक दृष्टीनं पाहिलं तर..." दीपानं मागून कोपर मारलं.

"माझं चुकलं. मी येतो," तो म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये सगळे चिनी आणि मध्ये निळं जॅकेट घातलेला हा एकटा, हातात भला मोठा टॉवेल. पाण्याचा हीटर ऐन वेळी बिघडला होता. यूफेन हौदातून वर आली तेव्हा दात वाजत होते, ओठ काळेनिळे. चंद्रकांतनं पुढे होऊन तिला टॉवेलात गुंडाळलं. ती रडायला लागली. ह्यालाही रडू आलं, आणि टॉवेल तिच्या अंगावर असल्यामुळे नाक बाहीला पुसावं लागलं.

पार्किंगमध्ये तिचा फोन वाजला. ती थोडं बोलली आणि फोन चंद्रकांतपुढे धरला. "भाऊ आहे. कुणीतरी फोटो पाठवला त्याला. तुमच्याशी बोलायचं म्हणतो."

"आमच्या घरच्या गोष्टीत पडणारे तुम्ही कोण?" भाऊ इंग्रजीत म्हणाला. आवाज चढलेला होता.

चंद्रकांतकडे याचं उत्तर होतं. चांगलं पाऊण तासाचं, मुद्द्यांसकट. आजोबा होते, चावडी होती, मंदिरात न लिहिलेली मुलींची नावंही होती.

"मी शेजारी," तो म्हणाला. "जागा तुमची होती. तुम्ही आला नाहीत, म्हणून मी उभा राहिलो."

फोन ठेवला की काय, म्हणून चंद्रकांतनं स्क्रीनकडे पाहिलं. मग भावानं अगदी हळू आवाजात विचारलं, "पाणी गरम होतं ना? तिला लहानपणापासून थंडी सोसत नाही."

"नाही हो," चंद्रकांत म्हणाला. "फार गार होतं."