पोकळ कानाचा कप

मी एक कप बोलतोय. दिसायला बेढब आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा कान आतून पोकळ आहे आणि त्यातूनच पाणी ओढायचं असतं. कार्ल्सबाडच्या औषधी पाण्याच्या गरम झऱ्यांवर पोट बिघडलेली मोठमोठी माणसं असले कप तोंडाला लावून गंभीरपणे फेऱ्या मारतात. माझ्या अंगावर हरीण रंगवलंय. लोकांना तो कुत्रा वाटतो.

डॉक्टर झेमाननी मला तिथून आपल्या मित्रासाठी, ग्राझच्या प्रोफेसर होलरसाठी आणलं. दोघेही विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि दोघांचा विषय एकच होता: एखादी गोष्ट मोलाची ठरते ती कशामुळे? होलर म्हणायचे, मोल वस्तूतच असतं, कुणी बघो न बघो. झेमान म्हणायचे, आपण जीव लावतो म्हणून मोल येतं. वस्तू बिचारी कोरीच असते. दोघांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिले होते. ते एकमेकांचे ग्रंथ वाचायचेही, पण चुका काढायला.

होलरनी मला कधी पाणी दाखवलं नाही. उदाहरण म्हणून वर्गात मात्र नेलं. मला उंच धरून म्हणाले, "हा कप आणणाऱ्याने मोठ्या हौसेने आणला. म्हणून याला मोल आलं का? हा फुटला तर जगाचं काडीचंही नुकसान नाही."

झेमान मागच्या बाकावर बसले होते. "मग फोडा की," म्हणाले आणि टोपी घेऊन निघून गेले.

होलरनी मला फोडलं नाही. टेबलावर ठेवलं आणि पुढचा मुद्दा घेतला.

त्या दिवसापासून अबोला. पण कॉफीहाउसातलं टेबल दोघांचं ठरलेलं होतं, ते सोडणार कोण? रोज दुपारी समोरासमोर बसायचे, वेताच्या चौकटीत अडकवलेली कॉफीहाउसची वर्तमानपत्रं मध्ये धरून. साखर हवी असली तर वेटर फ्रांत्सला सांगायचे, समोरच्या गृहस्थांना विचारा, झाली का घेऊन. फ्रांत्स सरळ चेहऱ्याने विचारायचा.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात समोरची खुर्ची रिकामी राहू लागली. फ्रांत्सने सांगितलं, झेमानसाहेबांनी अंथरूण धरलंय, उठून बसताही येत नाही. होलर अर्धी कॉफी टाकून घरी आले आणि मला कोटाच्या खिशात घालून तडक निघाले.

झेमान उताणे पडले होते. होलरनी माझ्यात कोमट पाणी ओतलं आणि पडल्यापडल्या ओढता यावं म्हणून माझा कान त्यांच्या ओठांना लावला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कामाला आलो. मला फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवू?

दोन घोट घेऊन झेमान म्हणाले, "आता आलं का मोल याला?"

"आलं नाही. होतंच," होलर म्हणाले. "मलाच दिसलं नाही."

झेमाननी आणखी एक घोट घेतला. "म्हणजे याही वेळी तुमचंच खरं."

"पाणी प्या."

होलर रोज येत राहिले, वादही चालू राहिला. वसंतात झेमान गेले.

आता होलर मला वर्गात टेबलाच्या मधोमध ठेवतात. उचलून दाखवत नाहीत. झेमानांचं मत समजावताना मध्येच थांबून ते माझ्यातलं पाणी पितात.

मोल कुठून येतं ते मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्याही कपाटात कुणीतरी हौसेने दिलेला बेढब कप असेल. वाद खुशाल घाला. देणारा अजून असेल, तर आधी त्याला त्यातून पाणी पाजा.