वाताशी वा…

वहीत केसाची पिन एकोणिसाव्या पानावर होती आणि एस.टी.चं तिकीट बाराव्यावर. म्हणजे ह्यांची गाडी आठवडाभर बाराव्यावरच उभी, आणि मी… वहीच्या कोपऱ्याला तेलाचा डाग पडलेला लताला आत्ता दिसला, आणि पदरानं पुसता पुसता तो आणखीच पसरला. पसरू दे. पिन मात्र तिनं काढून अंबाड्यात खोवली. ह्यांनी पाहिली तर विचारतील, ही इथं कशी, आणि मग सगळं सांगावं लागेल – की तुमचा पाठ घेता घेता, भाकरी थापता थापता, मी तुमच्या सात पानं पुढं निघून गेले. नको. निदान आज तरी नको.

कारखान्यात जपानहून पाइप काढायचं नवं मशीन आलं होतं, मशीनबरोबर हायाशीसाहेब आले होते, आणि त्यांच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून पुण्याचे एक मास्तर दर शनिवारी सहा ऑपरेटरांना जपानी शिकवत होते. हे त्या सहांतले एक. फळ्यावरचं सगळं ते देवनागरीत वहीत उतरवून आणत, आणि सकाळी पिंप्राळ्याच्या या दोन खोल्यांत, ओट्यापाशी, वही तिच्या हातात देऊन पाठ म्हणत. बरोबर की चूक एवढंच तिनं बघायचं. पहिल्याच दिवशी तिला हसू आलं होतं. परकी म्हणावी तर ही भाषा क्रियापद आपल्यासारखंच शेवटी ठेवते, प्रश्न विचारायचा तर आपल्यासारखंच शेवटी ‘का’ लावते, आणि चा, ची, चे, च्या या सगळ्या लटांबराच्या जागी एकटा ‘नो’! ‘वाताशी’ म्हणजे मी, ‘देस’ म्हणजे आहे. ‘वा’च्या पुढं ह्यांनी ‘तर’ असं लिहिलं होतं. मी तर… मी तर अमुक आहे. केवढी ऐट त्या दोन शब्दांत. बावीस वर्षांत या घरात तिनं वाक्य ‘मी तर’नं सुरू केलेलं तिला आठवेना.

पहिलं वाक्य होतं: वाताशी वा जीवराम देस. ते स्वतः म्हणायचे आणि मग तिला म्हणायला लावायचे, कानाला कसं लागतं ते ऐकायला. ती डोळ्यांनी सगळं वाचायची, पण तोंडानं – वाताशी वा, हं हं हं, देस.

“नाव ले ना,” ते हसायचे. “जपानीमा कोन ऐकी ऱ्हायनं?”

“मी नही लेस. तुम्हीच म्हना.”

नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात एकदा पुटपुटलं तेवढंच. मग ती मधली जागा रिकामीच राहिली, आणि ते कामावर गेले की दिवसभर तिच्या मागं मागं फिरायची – वाताशी वा, हं हं हं, देस. पीठ चाळताना, नळाच्या रांगेत. काय घालायचं तिथं? आपलंच घालावं. वाताशी वा लता देस. म्हणून पाहिलं. एकही चूक नव्हती, आणि तरी दुसऱ्याच कुणाचा पाठ आपण म्हणतोय असं तिला वाटलं.

लता हे नाव तिनं पहिल्यांदा तिरकं वाचलं होतं. ताट ह्यांच्या पुढ्यात, तांदळात अंगठीनं लिहिणं चाललेलं, आणि ती बाजूला मुंडावळ्यांतून बघतेय, की आपण आता कोण होतोय… त्याआधी भडगावला ती भिकू होती, आणि ते नाव मायनं सासरी कधी कळू दिलं नव्हतं. वरची तीन गेली म्हणून मायनं पाच घरी पदर पसरून चिंध्या मागून आणल्या, त्यांचं तिचं पहिलं झबलं, आणि भिकेत मिळालेली म्हणून भिकू. गिरणेच्या वाळूत झिरे उकरत बसायची दुपारभर. माय काठावरून ओरडायची, “हाका मारी मारी घसा बसना, पन हाई पोर ओ दे नही!” ऐकू यायचं सगळं. पण झिऱ्यात पाणी वर येत असायचं, गढूळ, मग हळूहळू निवळ, आणि तेवढं संपेपर्यंत ओ द्यायची नाही असा तिचाच नियम.

वाताशी वा भिकू देस. एकदा, पत्र्याच्या डब्याकडे तोंड करून, ती म्हणाली होती. आणि छातीत असं भरून आलं की गॅस बंद करून ती पाटावर खाली बसली.

आज रविवार, आणि हायाशीसाहेब जेवायला येणार होते. मंगळवारी ते त्यांच्या देशात परत जाणार. तिला एकच वाक्य बोलायचं होतं, साहेबांसमोर, बाहेरच्या खोलीत उभं राहून. फक्त एक. आज नाही तर कधीच नाही. कोणी म्हणेल त्यात काय एवढं… पण नवी नवरी असताना याच खोलीत पुण्याचे पाहुणे बसले होते, ती दारात येऊन म्हणाली होती, “चहा तयार शे,” आणि नणंद अशी हसली, तिच्या पाठोपाठ सगळेच असे हसले, की तेव्हापासून त्या खोलीत ती ट्रे घेऊन जायची आणि गप्प परत यायची. पुढं भाषा सुधारली. जीभ मात्र त्या उंबऱ्याशी आली की जड व्हायची. या भाषेत तसं नाही. या भाषेत हे आणि मी एकाच दिवशी जन्मलो. कोणी कोणाला हसायचं?

“तू फक्त चहा लई ये,” सकाळी ते म्हणाले होते, “बाकी मी देखी लिसू.” रागानं नव्हे, तिला त्रास नको म्हणून.

मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना ती पुन्हा घोकत होती. लता म्हणायचं. लताच. भिंतीपलीकडून रईसाभाभीनं डोकं वर काढलं.

“भाभी, किससे बातें चल रहीं?”

“वांग्यांशी,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

साहेब आले. बूट उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले, ते तिला फार आवडलं. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा – साहेबांच्या कपाळावर घाम आला, डोळे भरले, तरी ते मान हलवून “ओइशी, ओइशी”, चवदार, चवदार, म्हणत होते. हे आपल्याला येतात ती वाक्यं एकेक करून म्हणत होते, आणि चौथ्या वाक्याला अडकले. ‘नि’ लावायचं की ‘ओ’… तिला येत होतं. बारावं पान. पण परक्यासमोर ह्यांची चूक काढणारी ती कोण, म्हणून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि पाणी द्यायला तेवढी पुढं गेली.

साहेबांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. तिच्याकडे बघून किंचित वाकून म्हणाले, “ओकुसान नो ओनामाए वा?”

वहिनी, तुमचं नाव? एकोणिसावं पान! हे अजून तिथवर पोचलेच नव्हते. साहेब आणखी काही मागताहेत असं वाटून ह्यांनी त्यांच्या ताटात भरपूर भरीत वाढलं. साहेब अजून तिच्याचकडे बघत होते, आणि तिच्या घशाशी पाणी हळूहळू वर येत होतं.

“वाताशी वा भिकू देस.”

लता म्हणायचं ठरलं होतं…

“भिकू-सान,” साहेब म्हणाले. हात मांडीवर ठेवून, मान लववून, भिकेत मिळालेल्या त्या नावाला मान देऊन. “भिकू-सान. ओइशी देस.” ह्यांच्या हातातली पुरी हातातच राहिली होती.

साहेबांना गेस्टहाउसवर सोडायला निघताना ते स्कूटरपाशी थबकले. तिच्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “हाई भिकू कोन?” रागावलेले नव्हते. हसतही नव्हते. साहेब मागच्या सीटवर बसलेले, स्कूटर सुरू, उत्तर द्यायला वेळ कुठं होता.

आता तीन वाजत आले. ताटं घासून झाली. ती बाहेरच्या खोलीत आली आणि साहेब बसले होते त्या खुर्चीवर बसली – या खुर्चीवर ती आजवर कधी बसली नव्हती, हेही बसल्यावरच लक्षात आलं. ते आले की पुन्हा विचारतील का? की विसरून जातील, रोजच्यासारखं दारातूनच “अगं” म्हणतील, की लता म्हणतील… काही म्हणोत. काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची घाईही वाटत नव्हती. तिनं अंबाड्यातली पिन काढली आणि वहीत एकोणिसाव्या पानावर पुन्हा खोचली, चांगली अर्धी बाहेर दिसेल अशी. कोपऱ्यावर स्कूटरचा आवाज आला. हाक यायची होती अजून. ओ तिनं देऊन टाकली होती.