स्कॅनसाठी राखलेली वाट

भांडुपच्या शाखेत हॉस्पिटलच्या वर्धापनदिनाचं कीर्तन रंगात आलं होतं. घाटकोपरच्या मुख्य शाखेत, सर्व्हर रूममधल्या छोट्या पडद्यावर वनमाला ते तल्लीन होऊन ऐकत होती. तेवढ्यात भांडुपच्या स्कॅन विभागातून लताचा फोन आला.

"वनमाला, स्कॅन तुमच्याकडे जातच नाहीये गं. स्ट्रोकचा पेशंट आहे, अर्धं अंग गेलंय. तिकडच्या डॉक्टरांनी स्कॅन बघितल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही."

वनमालाने संगणकावर राउटरची सेटिंग्ज उघडून पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. तिन्ही शाखांना जोडणाऱ्या तारा त्याच होत्या, पण त्यांच्यावर तिने दोन टोपोलॉजी बसवल्या होत्या, म्हणजे वाटांचे दोन वेगळे नकाशे. बाकीचा सगळा कारभार मुलुंडच्या शाखेवरून वळसा घालून यायचा. भांडुप ते घाटकोपर ही सरळ वाट फक्त स्कॅनसाठी. आज त्याच वाटेवर कुणीतरी कीर्तनाचा व्हिडिओ घातला होता आणि त्याच्यामागे स्कॅन अडकलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मी," तिचा वरिष्ठ देवेश चहा ढवळत म्हणाला. "चित्र अडकत होतं. तासाभराचा प्रश्न आहे यार. देवाचं काम ना, तूही एवढी कीर्तनवेडी."

"देवाला मध्ये आणू नकोस. पेशंटची वाट अडव असं देवाने सांगितलं तुला?"

तिने कीबोर्ड ओढला.

"अगं थांब, संचालक सर आता बुवांना हार घालणारेत. इकडे ट्रस्टी बसलेत, त्यांना ते दिसायला नको?"

"म्हणजे हे सगळं हारासाठी?"

तिने व्हिडिओ त्या नकाशातून उपटून काढला, मुलुंडच्या वळशावर टाकला. तिथे चित्र अडकणारच, म्हणून ते बंद करून नुसता आवाज ठेवला. पडदा काळा झाला. बुवांचा गजर मात्र खणखणीत येत राहिला.

संचालक चंद्रप्रकाश सरांचा फोन आलाच. "ट्रस्टी विचारतायत, तिकडचा पडदा कुणी बंद केला?"

"मी, सर. कीर्तन ऐकू येतंय सगळ्यांना."

"कुणाला विचारून?"

"तुमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर एक पेशंट पडलाय. त्याच्या घरच्यांना विचारा."

फोन आपटला गेला. पाठोपाठ लताचा आला. "पोचलं गं. डॉक्टर हो म्हणाले, इंजेक्शन भरतायत."

देवेशने सुस्कारा सोडला. "झालं ना? लाव आता परत चित्र. हार अजून व्हायचाय."

"पुढचा पेशंट तुला आधी कळवून येणार आहे का?"

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. गेली की मग बस या खुर्चीत."

तिने त्याच्यादेखत राउटरचा पासवर्ड बदलला आणि आवाज वाढवला. बुवा सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगत होते. वनमालाने हात वर घेतले, पण मुठी काही केल्या सुटेनात.