एकटं दार

बिजागरीवाल्यानं बायकोला शब्द देऊन ठेवला होता: या प्रदर्शनात तीन दिवसांत एकही मोठं काम मिळालं नाही, तर वर्कशॉपला कुलूप लावायचं आणि मुकाट्यानं मेव्हण्याच्या कारखान्यात नोकरी धरायची. आणि पहिल्याच सकाळी माशी शिंकली. स्टॉलच्या भिंतींचे तक्ते हातभर आखूड निघाले. बरं, मापं दिली होती ती यानंच! मग काय, भिंतींविना मोकळ्या जागेत, त्याची बिजागरी लावलेलं, चौकटीसकट नुसतं एक दार उभं राहिलं. शेजारच्या स्टॉलवर हा एवढा टीव्ही आणि फुकट कॉफी. बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण माणसाची जात मोठी गमतीची. दोन्ही बाजूंनी ऐसपैस वाट असताना जो तो दारातूनच जायचा. हसायचा, ढकलायचा, थबकायचा आणि पुन्हा ढकलून बघायचा. तेवढ्यात हा पठ्ठ्या पत्रक घेऊन धावायचा, पोलाद कुठलं, वजन किती, सुरूच. माणूस काढता पाय घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बायको वैतागली.

"अहो, जरा गप्प बसा ना. दाराचा आवाज होत नाही, हे बघून थांबतात ती माणसं. तुमच्या आवाजात त्यांना ते कळणार कसं?"

तो फुगून बसला, पण बसला.

तिसऱ्या दुपारी एका हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आल्या. पहिल्या दिवशी त्या दारातून गेल्या होत्या म्हणे. कंपनीचं नाव काही आठवेना, म्हणून 'ते एकटं दार कुठंय' असं हॉलभर विचारत आल्या. त्यांनी दार दहादा उघडलं, मिटलं. मग ही बिजागरी करावीशी का वाटली, म्हणून विचारलं. पाठ केलेलं भाषण त्यानं गिळलं.

"आई आजारी होती," तो म्हणाला. "औषध द्यायला गेलो की दार करकरायचं. जेमतेम लागलेला डोळा उघडायचा तिचा. फार वाईट वाटायचं हो. ही बिजागरी जमली, तेव्हा ती राहिली नव्हती."

मेट्रनबाईंची नजर दारामागच्या खुर्चीवर गेली. तीन दिवस उभी राहून दमलेली त्याची बायको तिथं मान टाकून गाढ झोपली होती, आणि लोक तिच्या कानाशीच दार ढकलून जात-येत होते.

"कधीपासून झोपल्यात या?"

"तास झाला असेल."

मेट्रनबाईंनी पर्समधून वॉर्डांची यादी काढून त्याच्या हातात दिली. साठ दारं! त्याला आनंदानं ओरडावंसं वाटलं, हाक अगदी ओठांवर आली. पण तो हळूच दार ढकलून पलीकडे गेला, आणि ती आपणहून जागी होईपर्यंत यादी घेऊन तिच्याशेजारी गप्प बसून राहिला.