हिरवट कोष

"गजरा काढून बाहेर कट्ट्यावर ठेव, मग आत ये," रत्नाबाई दारातूनच म्हणाल्या. "वासाने अळ्या खायच्या थांबतात."

मुग्धाने गजरा काढला, न सांगता पायही धुतले. इतकी शहाणी मुलगी कुणीतरी पढवूनच पाठवली असणार, असं रत्नाबाईंच्या मनात आलं. पुण्याहून येऊन ती इथल्या रेशीम संशोधनशाळेत नवीच लागली होती. कॉफीचंही तिने कौतुक केलं, मग हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या वाणाची थोडी अंडी मिळतील का? उन्हाळा सोसणारा असा वाण दुसरीकडे नाहीच. तुमच्यानंतर..." आणि तिने जीभ चावली.

"श्रीरंगाने पाठवलं ना तुला?"

"कोण श्रीरंग?"

हे तर फारच सफाईदार झालं.

त्या शाळेतल्या रत्नाबाई पहिल्या बाई शास्त्रज्ञ. पण महिन्यातले चार दिवस बाईने अळ्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला दंडक. शास्त्र शिकलेले साहेबही तो पाळत. त्या दिवसांत हाताखालचा श्रीरंग पाला घाली. वाण तयार झाला तेव्हा, अखंड देखरेख कुणाची, असा प्रश्न निघाला आणि वाणाला नाव श्रीरंगाचं लागलं. त्याच्या सत्काराला सभागृहात रत्नाबाईंनीही टाळ्या वाजवल्या. मग चामराजपेटेतल्या आपल्या माडीवर, जिथे कुणी अडवणारं नव्हतं, त्यांनी दुसरा वाण उभा केला, हिरवट कोषांचा. त्यावर लेख लिहिला, पण अंडी कुणाला दिली नाहीत. पिढीमागून पिढी घरातच जगवली. आता वय झालं होतं, तरी.

त्या आत गेल्या. फळीवर दोन कागद होते. एकावर त्यांच्या वाणाची अंडी, दुसऱ्यावर तुलनेसाठी आणलेली बाजारची. त्यांनी बाजारचा कागद आणून दिला. मुग्धाने वाकून नमस्कार केला. तोही त्यांना जरा जास्तच वाकून केलेला वाटला.

त्यांच्या अळ्या चौथी, शेवटची कात टाकून उठल्या, त्या आठवड्यात शहराबाहेरच्या होसकोट्याहून तुतीवाला यल्लाप्पा नेहमीसारखा तुतीचा पाला घेऊन आला. दुसऱ्या सकाळी सगळ्या अळ्या हिरवं पाणी ओकून आडव्या पडल्या होत्या. यल्लाप्पाच्या शेजारच्या मळ्यात टोमॅटोवर फवारलेलं औषध वाऱ्याने तुतीवर आलं होतं. यल्लाप्पा टोपलीची कड धरून खाली बसला आणि आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाला,

"अक्का, पाला स्वल्प दिवस दुसरीकडून आणतो. तुम्ही दुसरी अंडी काढा, सरी?"

"दुसरी कुठून काढू, यल्लाप्पा? कागदावरची सगळी याच खेपेला उबवली."

काही दिवसांनी मुग्धा आली. या वेळी गजरा नव्हता. हातात पुठ्ठ्याचा डबा, आत पिवळेधमक कोष, आणि झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीत सुबक अक्षरात 'रत्नाबाईंचा वाण'.

"शाळेतही हेच नाव नोंदवायला सांगितलंय मी," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "पण बाई, तुमच्या लेखात हिरवट म्हटलंय आणि माझे पिवळे आले. माझंच काहीतरी चुकलंय. परत थोडी अंडी द्याल? या वेळी नीट करीन."

रत्नाबाईंनी एक कोष उचलून बोटांत दाबून पाहिला. घट्ट होता, एकसारखा विणलेला.

"तुझं काही चुकलं नाही. तुला मी बाजारची अंडी दिली होती." कोष डब्यात ठेवून त्या म्हणाल्या, "आणि माझी आता उरली नाहीत."

मुग्धाने डबा बंद करून त्यांच्यापुढे ठेवला.

रत्नाबाईंनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून झाकणावरून फिरवलं, चिठ्ठी भिजू दिली. मग कागद फाटणार नाही इतक्या बेताने नखाने ती सोडवली, आणि डबा मुग्धाच्या हातात परत दिला. "शाळेतलंही काढ, दुसऱ्याच्या वाणावर माझं नाव नको."