चंद्रप्रकाशची पाठवणी

ऑगस्ट सत्त्याऐंशीत विक्रोळीच्या चाळीतल्या धाकू परबच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्याचा मुलगा चंद्रप्रकाश सुट्टी संपवून अमेरिकेला परत निघणार होता, आणि यच्चयावत बिऱ्हाडांनी त्याच्याकडे काही ना काही पोचवायला दिलं होतं. अंजनाबाईंनी भाच्यासाठी कुळथाची पिठी आणून दिली. भाच्याचं गाव चंद्रप्रकाशच्या कॉलेजपासून एका दिवसाच्या प्रवासावर. पण बाईंच्या लेखी अमेरिका म्हणजे विक्रोळी ते घाटकोपर. ‘येता-जाता देऊन टाक रे,’ म्हणाल्या.

चंद्रप्रकाश हो म्हणाला. त्याला नाही म्हणताच येत नसे, आणि सगळी वाट तिथेच लागली होती. तिकडे अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी फळाभर गणित मांडलं, ‘कळलं ना?’ विचारलं, आणि याने वर्गाबरोबर मान हलवली. शाळेत कायम पहिल्या आलेल्या पोराने ‘कळलं नाही’ कोणत्या तोंडाने म्हणायचं? दोन वर्षं तो मान हलवत राहिला. जुलैत घरी कॉलेजचं पत्र आलं: नापास, शिष्यवृत्ती बंद, प्रवेश रद्द. घरात इंग्रजी वाचणारा तो एकटाच. ‘अठ्ठावीस ऑगस्टला बोलावलंय,’ त्याने ठोकून दिलं आणि मोकळा झाला.

मोकळा कसला! नळावर गेला की ‘किती दिवस उरले रे?’, संडासच्या रांगेत ‘तिकडे पण रांग असते काय?’ खोलीत आई शेवंती लाडू वळत बसलेली. दार लावून रडावं म्हटलं तर चाळीत दिवसा दार कोण लावतं?

बापाचं तर विचारूच नका. संपात गिरणी गेल्यापासून धाकू एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. गिरण्या कशाने बुडाल्या ते माझा पोरगा शिकून येऊन सांगेल, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगे.

पंचवीस तारखेला मंडळाने सत्कार केला. शाल अंगावर पडली, आणि चंद्रप्रकाशने तिथेही मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बापाच्या गेटवर गेला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला बरं वाटलं. बाप मारेल, शिव्या देईल, पण एकदाचा सुटेन.

धाकूने ना शिवी दिली ना हात उचलला. आत गेलेल्या ट्रकचा नंबर वहीत लिहिला आणि विचारलं, “कोणाक सांगलंस?”

“कोणालाच नाही.”

“आवशीक?”

“नाही. बाबा, मी इथेच काम बघतो. हमाली करीन.”

“हय? शाल घेतलेल्या अंगान? नाय.” धाकूने वही मिटली. “सोलापुराक धोंडू आसा. माझो गिरणीतलो जोडीदार. थय जायचा.”

अठ्ठाविसाला शेवंतीने मुलाच्या हातावर दही घातलं, चाळीने हार घातले. एअरपोर्टला यायला अख्खी चाळ तयार होती. धाकू खेकसला, “बायकांनी रडान पोराचो पाय अडवू नये. मी एकटो सोडतंय.” शेवंती गॅलरीत उभी राहून पदराने डोळे पुसत होती. टॅक्सी वळेपर्यंत चंद्रप्रकाशने हात हलवला.

हायवेला लागल्यावर धाकू ड्रायव्हरला म्हणाला, “सहार एअरपोर्ट नाय. दादर. सोलापूरची गाडी.”

चंद्रप्रकाशने हार काढला. “बाबा, किती दिवस?”

“डिग्री किती वर्सांची?”

“दोन राहिलीत.”

“मगे दोन वर्सां.”

“आणि आईला पत्र?”

धाकूने मान खिडकीकडे फिरवली. हे त्याने आधीच ठरवलं होतं.

“दर म्हयन्याक लिही. कंपनीच्या पत्त्यार, माझ्या नावान. बर्फ पडलो म्हणान लिही, परीक्षा बरी गेली म्हणान लिही. तुझ्या आवशीक वाचूक येना नाय, ता बरा झाला. मी वाचून दाखवतलंय.”