कोळव्यावरची शीग

खर्र करून वाटी डब्याच्या तळाला घासली, आणि पहाटेची शांतता मोडली. सरू जागी झाली. चार वर्षांची पोर, पण त्या आवाजाचा अर्थ तिला पाठ होता: पीठ सरलं.

"नीज गं माझी बाय. दळून आणते," चांगुणा म्हणाली आणि पोरीच्या अंगावर स्वतःचं पांघरलेलं लुगडं सारून दिलं.

एकोणऐंशीचा दुष्काळ. नवरा ऊसतोडीला गेलेला. बांधाच्या कामावर चांगुणेला रोजची शेरभर ज्वारी मिळायची, त्यातली मूठ-दोन मुठी मीठमिरचीला जायची. घरात जातं होतं, पण त्याला टाकी लावणारा पाथरवट कधीचाच मुलूख सोडून गेलेला. गुळगुळीत झालेल्या जात्यातून पिठाऐवजी कण्या पडत, आणि त्या खाऊन सरूचं पोट बिघडे. म्हणून रोज गिरणी.

गिरणी शांतलिंगअप्पाची, डिझेलच्या इंजिनावर चालणारी. दळणापायी तो पैसा घेत नसे. धान्यातूनच माप काढून घ्यायचा. दळण केवढंही असो, निळवंभर, म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. मग डिझेल मिळेना. अप्पा येरमाळ्याला जाऊन ट्रकवाल्यांकडून दुपटीनं डबे भरून आणू लागला, आणि त्याच सांजेला, मापाचं धान्य टाकायच्या पेटीवर निळवं जाऊन कोळवं आलं. मापानं दुप्पट, आणि काठाच्या वर रचलेल्या दाण्यांची टोकदार शीग. बायका भांडभांड भांडल्या.

"म्या काय घरी डिझेल गाळतो का?" अप्पा म्हणाला. "माझं चढलं, तुमचं चढलं. उतरलं की उतरवीन."

बोलणं रास्त होतं. बायकांनी दळणं पुढं सरकवली. निळवं आणि शीग लावलेलं कोळवं, यांत फरक भरतो एका भाकरीचा. चांगुणेच्या घरी ती भाकर सरूच्या सांजच्या ताटातून गेली.

शिमग्याच्या सुमाराला पंपावर डिझेल आलं. त्याच दिवशी चांगुणेनं विचारलं.

"आलंय की," अप्पा म्हणाला. "पण माझ्या पिपात अजून महागातलंच हाय. ते सरू दे."

पिप सरलं. मग इंजिनाचा पट्टा तुटला, नवा आणायचा झाला. मग पट्टाही जुना झाला. चांगुणा रोज विचारी आणि अप्पा रोज हसून काहीतरी सांगे. त्याच्या सांगण्यात खोटं फारसं नसे, हेच वाईट.

आज मात्र त्यानं पहिल्या बाईच्या ज्वारीतून कोळवं भरलं, त्यावरून तळहात फिरवला आणि वरची शीग परत तिच्या टोपल्यात लोटली. रांगेतल्या धुरपदाबाईनं तिथंच हात जोडले.

"गरिबाची जाण हाय तुमाला, अप्पा. येडाई तुमचं भलं करील."

मागच्या बायकाही माना हलवू लागल्या. चांगुणा हळूच म्हणाली, "आत्याबाई, शीग गेली, पण कोळवं तसंच हाय की. आपलं निळवं व्हतं."

"गप बस गं. मानूस उतरायलाय तर त्याला ढोसू न्हाय. तुझ्या जिभंपायी परत शीग लावील."

चांगुणेनं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. माप चढलं तेव्हा याच बायका गिरणी बंद पाडायला निघाल्या होत्या. आता चिमूटभर धान्य परत आलं आणि त्याबरोबर सगळ्यांचा राग निवून गेला होता. रागात राहिलेली ती एकटीच.

तिनं दळण तसंच उचललं, कामावर खाडा केला, घरून सरूला कडेवर घेतलं आणि ओढ्यापल्याडच्या गावात वीरप्पाच्या गिरणीवर गेली. तिथंही पेटीवर कोळवंच.

"शीग न्हाय घेत बरं का आपण," वीरप्पा ऐटीत म्हणाला.

"निळव्यानं घ्या, मालक. आमच्या गावचं समदं दळण इकडं वळवते."

वीरप्पा हसला, पण वाईट हसला नाही. "शीग व्हती तवर आल्या असत्या बाया. आता कोण वढा वलांडतंय? येकट्या तुझ्यापायी म्या माप बारकं करू? शांतलिंगानं केलं की करतो."

"अप्पा बी रोज असंच कायतरी म्हणतेत."

"म्हणणारच. शहाणा हाय त्यो."

तिनं कोळवंभर ज्वारी देऊन दळून घेतलं. येताना ऊन डोक्यावर आलं होतं. सरू कडेवरच झोपली. तिचं वजन पूर्वीपेक्षा हलकं लागत होतं, आणि चांगुणा ते मनावर येऊ देत नव्हती. आजची मजुरी तर बुडालीच. आता उद्याही याच पिठात भागवायचं.

सांजेला तिनं एक भाकर थापली, शेकली, मोडली आणि मोठा तुकडा पोरीपुढं ठेवला. सरूनं तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि दाराकडं बघितलं.

"आये, डिझेल आलं की माझी भाकर येती म्हणली व्हतीस. ती कुठवर आली असंल?"